कोकणातल्या घरासाठी जनरेटर: किती केव्हीएचा घ्यावा आणि कसा बसवावा?

पाजपंढरी
नमस्कार मंडळी. आमचं घर आंजर्ल्याला, दापोली तालुक्यात. आई-बाबा दोघंच तिथे राहतात, मी ठाण्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले खांब आडवे झाले आणि वीज यायला कित्येक आठवडे गेले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून जनरेटरचा विषय दर पावसाळ्याआधी निघतो आणि गणपतीत विसरला जातो. या वर्षी मात्र आईला इन्सुलिन सुरू झालं आहे, त्यामुळे फ्रिज बंद पडून चालणार नाही.

घरातला भार असा: विहिरीवर दीड एचपीचा सबमर्सिबल पंप (सिंगल फेज), एक साधा फ्रिज, चार पंखे, सगळे दिवे एलईडी, टीव्ही, राउटर. १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी एका रात्रीत संपते. एसी नाही. गीझर आहे, पण बंबही आहे, त्यामुळे त्याची चिंता नाही.

दुकानदार म्हणतो, "१० केव्हीएचा डिझेल सायलेंट सेट घ्या, पुढे बघायला नको." आतेभाऊ म्हणतो, अडीच केव्हीएचा पेट्रोलचा पोर्टेबल पुरे, उगाच पैसे घालू नका. दोघांच्या सांगण्यात चौपट फरक! नक्की किती लागतो, हे कसं ठरवायचं? आणि ठेवायचा कुठे? बाबांचं म्हणणं मागच्या पडवीत ठेवू, पाऊस लागणार नाही.

रातांबा
पडवीत नको!! बाकीचं जाणकार सांगतीलच, पण पडवीत अजिबात नको.

मधुमालती
वाचते आहे. आमचंही घर केळशीला, हाच प्रश्न आहे.

निवृत्त_अभियंता
पाजपंढरी, तुम्ही यादी दिलीत हे उत्तम केलंत. बहुतेक लोक "थ्री बीएचके आहे, किती लागेल?" एवढंच विचारतात. खोल्यांवरून जनरेटर ठरत नाही, मोटरवरून ठरतो.

आधी चालू भार मांडू. दीड एचपी म्हणजे शाफ्टवर साधारण ११०० वॅट, पण सिंगल फेज सबमर्सिबलची कार्यक्षमता बेताची असते, त्यामुळे वीज धरा १.८ किलोवॅट. फ्रिज ०.१५, दिवे ०.१, पंखे ०.३, टीव्ही-राउटर ०.१, इन्व्हर्टरचं चार्जिंग ०.३. एकूण २.७५ किलोवॅट. पॉवर फॅक्टर (दिलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.८ धरला तर ३.४ केव्हीए, म्हणजे जनरेटरने द्यायची एकूण ताकद. म्हणजे अडीचचा सेट इथेच बाद झाला.

खरी परीक्षा पुढे आहे. पंप चालू असताना ९-१० अँपियर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चौपट, म्हणजे ४० अँपियरच्या आसपास खेचतो. ५ केव्हीएच्या सेटचा पूर्ण भाराचा करंट २२ अँपियर. चांगला अल्टरनेटर (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) क्षण-दोन क्षण त्याच्या दुप्पट देऊ शकतो, व्होल्टेज थोडं बसतं आणि सावरतं. म्हणजे ५ केव्हीएवर तुमचा पंप उचलेल, पण फार मोकळी जागा उरणार नाही. अडीच केव्हीएचा सेट ११ अँपियरचा. त्यावर पंप नुसता घुंघुं करत बसेल, आणि तसाच चालू ठेवला तर वाइंडिंग जाईल.

आता १० केव्हीए का नको? पंप बंद असताना तुमचा भार एक किलोवॅटही नाही. १० केव्हीएच्या, म्हणजे ८ किलोवॅटच्या सेटवर तो जेमतेम १२ टक्के. डिझेल इंजिन इतक्या कमी भारावर तासन् तास चालवलं तर ते नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, कार्बन साठतो आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळू लागतं. निदान ३० टक्के भार तरी असावा. मोठा सेट घेतला म्हणजे तो जास्त टिकेल ही समजूत डिझेलच्या बाबतीत उलटी ठरते.

माझं मत: ५ केव्हीए डिझेल. प्लेटवर "मॅक्स" लिहिलेला आकडा बघू नका, "रेटेड" बघा.

भाट्याचा_खडप
निवृत्त_अभियंता यांच्याबद्दल आदर राखून असहमत. ५ केव्हीएवर दीड एचपी उचलेल हे कागदावर ठीक आहे. कोकणातले पंप जुने असतात, कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) थकलेले असतात, विहिरीपासून घरापर्यंत दोनशे फूट बारीक वायर ओढलेली असते. आमच्याकडे ५ चा सेट होता आणि जानेवारीत उचलणारा पंप जूनमध्ये उचलेना. साडेसात घ्या, निवांत राहा. उद्या नातवंडं आली की एसी लागणारच आहे.

निवृत्त_अभियंता
@भाट्याचा_खडप, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावर उपाय जनरेटर वाढवणं हा नाही. कपॅसिटर थकला की मोटर वेग घ्यायला वेळ लावते आणि तेवढा वेळ तो मोठा करंट चालूच राहतो. नवा कपॅसिटर चारपाचशे रुपयांच्या आत येतो. वायर बारीक असेल तर ती बदलायलाच हवी, कारण महावितरणच्या विजेवरही तुमची मोटर त्यामुळेच तापत असणार. हे दोन्ही झाल्यावर क्लॅम्प मीटरने (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) सुरुवातीचा करंट मोजा. ४५ अँपियरच्या वर गेला तर साडेसातचा विचार करा, नाहीतर पाच. एसी खरोखर येणार असेल तर गणित बदलेल, पण ज्याचा पत्ता नाही त्या एसीसाठी आज इंजिनात कार्बन भरू नये.

वायरमन_काका
केव्हीएवर पुष्कळ चर्चा झाली. आता जीव जाण्याची गोष्ट सांगतो.

गावागावात लोक काय करतात, दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करतात. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या १५ अँपियरच्या सॉकेटला. मेन स्विच पाडायचा लक्षात राहिला तर ठीक. नाही राहिला तर तुमचे २३० व्होल्ट लाइनवर जातात, ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढतात आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होतात. वर खांबावर लाइनमन असतो. लाइन बंद आहे अशा समजुतीने त्याने हात घातलेला असतो. निसर्गनंतर राज्यभरातून माणसं आली होती आमच्याकडे काम करायला, पावसात, चिखलात खांब उभे करत होती. त्यातल्या कुणाचा जीव आपल्या घरच्या पंख्यापायी जाता कामा नये.

म्हणून चेंजओव्हर स्विच. मधे "ऑफ" असलेला, हाताने फिरवायचा. एका वेळी एकच बाजू लागते, लाइन किंवा जनरेटर, दोन्ही लागूच शकत नाहीत, मग विसरलात तरी फिकीर नाही. सिंगल फेजला डबल पोल घ्या, थ्री फेजला फोर पोल. न्यूट्रलही तुटला पाहिजे. बरेच जण फक्त फेज तोडतात आणि न्यूट्रल जोडून ठेवतात. मग घरातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) विनाकारण उडतो, आणि न्यूट्रलवाटे व्होल्टेज बाहेर जायची वाट उघडी राहते ती वेगळीच.

जागा मीटरनंतर, मेन स्विचच्या पुढे. काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या.

मधुमालती
काका, अंगावर काटा आला. आमच्या शेजारी अगदी तशीच वायर आहे, दोन्हीकडे प्लगवाली. आज फोन करून सांगते.

वायरमन_काका
सांगाच ताई. आणि ती वायर कापून टाकायला सांगा, माळ्यावर ठेवायला नको. एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या जिवंत असतात. घरात मुलं असतात.

सूर्यफूल
२०२५ पार झालं तरी डिझेल? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं. सोलर लावा, बिलही शून्य, वीज गेली तरी चिंता नाही. धूर नाही, आवाज नाही.

निवृत्त_अभियंता
सूर्यफूल, सोलरच्या बाजूने मीही आहे, पण "वीज गेली तरी चिंता नाही" हे चूक आहे आणि लोकांनी त्यावर विसंबू नये. नेट मीटरवाला ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो. वायरमन_काकांनी सांगितलं त्याच कारणासाठी, लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी, तो बंद होणं सक्तीचं आहे. कडक ऊन असलं तरी घरात अंधारच. वादळात वीज हवी असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. आणि कोकणात जून-जुलैचं आभाळ तुम्हाला माहीत आहे.

ज्यांच्याकडे ऑन-ग्रिड सोलर आधीच आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला असली पाहिजे. घराच्या बाजूला असेल तर जनरेटर सुरू केला की सोलर इन्व्हर्टर त्यालाच लाइन समजतो आणि जनरेटरमध्ये वीज ढकलायला लागतो. छोटा सेट त्यात बिघडतो.

सूर्यफूल
ही माहिती मला विकणाऱ्याने दिली नव्हती. धन्यवाद. आमची जोडणी तपासून घेतो.

आबलोली_एक्सप्रेस
अवांतर: निसर्गच्या वेळी आमच्याकडे मंडपवाल्याचा जनरेटर टेम्पोत घालून वाडीवाडीत फिरत होता. लग्नं बंदच होती कोविडमुळे, सेट रिकामा पडलेला. तासावर भाडं. तो आला की आधी विहिरीचे पंप, मग सगळ्यांच्या टाक्या, हंडे, कळश्या, पिंपं. एका बोर्डावर चाळीसेक मोबाइल चार्जिंगला. आमच्या आजीने त्या दिवसांत जनरेटरला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि कुणी हसलं नाही. :)

रातांबा
+१. आमच्याकडे तर तो यायच्या आधी लोक रांगेत कळश्या लावून ठेवत. विजेपेक्षा पाण्याचे हाल जास्त झाले तेव्हा. म्हणून पंप हाच खरा भार, बाकी सगळं नंतर.

कॅटीकर
मी ह्यूस्टनजवळ राहतो. इथली तऱ्हा वेगळी, पण काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं, २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि वर ३५ अंशांचा उन्हाळा. त्यानंतर आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी नॅचरल गॅसवर चालणारे २० ते २६ किलोवॅटचे स्टँडबाय जनरेटर बसवले. वीज गेली की ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच काही सेकंदांत घर जनरेटरवर टाकतो, घरी कुणी असो वा नसो.

आमच्याकडे दोन एसी आहेत. दोन्ही एकदम सुरू होण्याइतका मोठा सेट घेण्याऐवजी लोड मॅनेजमेंटचं छोटं मॉड्यूल लावलं. एक एसी सुरू होऊन स्थिरावला की मगच दुसरा लागतो. सेट एका आकाराने लहान चालला. दुसरं म्हणजे गॅसचं मीटर. घरचा हीटर, गीझर, शेगडी आणि जनरेटर मिळून जेवढा गॅस लागतो तेवढा देण्याची मीटरची आणि पाइपची ताकद हवी. ती तपासली नाही तर ऐन थंडीत हीटर चालू असताना जनरेटर धापा टाकतो.

आणि पडवीबद्दल: फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या वादळात इथे माणसं थंडीने गेली तशी कार्बन मोनॉक्साइडनेही गेली. कुणी गॅरेजमध्ये जनरेटर लावला, कुणी दारात. रंग नाही, वास नाही, झोपेतच सगळं संपतं. पाजपंढरी, बाबांना हे नीट सांगा.

डॉ_सोनचाफा
कॅटीकर यांनी लिहिलेलं प्रत्येकाने घरी वाचून दाखवावं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही पहिली लक्षणं. घरातल्या सगळ्यांना एकदम होत असतील तर अन्नाला दोष देत बसू नका, आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत या. सेट घरापासून निदान २० फूट लांब हवा आणि धुराड्याचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला. कौलारू घरात वाऱ्याने धूर वळचणीतून आत येतो, त्यामुळे वाऱ्याची दिशाही बघा.

इन्सुलिनबद्दल धीर देते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं (आपल्या प्रकाराचं वेष्टनावर वाचावं). न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांत हवा. वीज गेली तर फ्रिज सारखा उघडू नका. भरलेला फ्रिज बंद ठेवला तर चारेक तास गार राहतो. त्याहून लांबलं तर साठा कोरड्या डब्यात घालून तो डबा माठाच्या गारव्यात ठेवा. फ्रिजइतकं गार होत नाही, पण खोलीपेक्षा बरंच कमी राहतं. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास फ्रिज चालला तरी आईंचं नीट निभावेल.

पाजपंढरी
डॉक्टर, मनापासून आभार. हे वाचून आईला फोनवर सांगितलं, तिला फार बरं वाटलं. पडवीचा विषय बाबांनी स्वतःहून सोडला.

मग प्रश्न असा की जनरेटर दिवसभर चालवायची गरजच नाही का?

निवृत्त_अभियंता
नाहीच. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास सेट चालवा. त्यात टाकी भरेल, फ्रिज गार होईल, बॅटरी बरीचशी भरेल. रात्रीचे पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर. डिझेल तासाला सव्वा ते दीड लिटर धरा, म्हणजे दिवसाला पाच-सहा लिटर. हा हिशोब महत्त्वाचा, कारण वादळानंतर पेट्रोल पंपावर वीज नसेल तर डिझेलही मिळत नाही.

क्रम लक्षात ठेवा: चेंजओव्हर ऑफवर, सेट सुरू, तीन-चार मिनिटं तापू द्या, मग जनरेटरकडे फिरवा. पहिला पंप. तो स्थिरावला की फ्रिज, मग बाकी. मोठी मोटर नेहमी आधी. बंद करतानाही आधी भार काढा, इंजिन थोडं रिकामं चालू द्या, मग बंद.

इन्व्हर्टरचं एक: मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असं बटण असतं. यूपीएसवर असेल तर जनरेटरची वीज त्याला पसंत पडत नाही आणि बॅटरी चार्जच होत नाही. नॉर्मलवर ठेवा.

चिपळूणवासी
उंचीबद्दल कुणी लिहिलं नाही. २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही पाहिला. बाजारपेठेतले कित्येक जनरेटर पाण्याखाली गेले, ज्या दिवशी हवे होते त्याच दिवशी. चौथरा बांधताना आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आजवर सगळ्यात वर पाणी कुठवर आलं होतं. त्याच्या वर दीड फूट. आमच्या नव्या सेटचा चौथरा कमरेइतका आहे, वर चढायला दोन पायऱ्या. डिझेल भरायला थोडं अवघड जातं, पण चालतं. वर पत्र्याची शेड, चारी बाजू उघड्या. कॅनोपीला (सेटवरच्या आवाज अडवणाऱ्या पेटीला) हवा आत घ्यायच्या जाळ्या असतात, त्यांच्यासमोर भिंत नको, तीन-चार फूट मोकळे हवेत.

हर्णैबंदर
खाडीजवळ असाल तर खारा वारा कॅनोपी खातो. दर पावसाळ्यानंतर नटबोल्ट आणि बिजागऱ्यांना ग्रीस लावा, पत्र्याला रंग उडालेला दिसला की लगेच प्रायमर.

वायरमन_काका
अर्थिंग राहिलं. आपल्याकडे जांभा दगड. पावसात अर्थिंग छान दाखवतं, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी झाली की रेझिस्टन्स कितीतरी वाढतो. सेटच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्या, घराच्या अर्थिंगला तार गुंडाळून भागवू नका. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ किंवा केमिकल भरा, वर पाइप ठेवा आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा. मोजायचं ते मे महिन्यात मोजा. पावसाळ्यातल्या आकड्यावर खूश होऊ नका.

लाटवणकर
शेजाऱ्यांचा विचारही करा. सायलेंट म्हणतात, पण नियमानुसार कॅनोपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. मिक्सर चालू असल्यासारखं वाटतं. आम्ही शेजारच्या आजोबांना रात्रीपुरती एक वायर दिली, दिवा आणि पंख्यासाठी. तक्रार तर नाहीच, उलट डिझेल आणून देतात.

वायरमन_काका
@लाटवणकर, भावना चांगली, पण ती वायरही चेंजओव्हरच्या नियमातच हवी. आजोबांच्या घरच्या वायरिंगला जोडली असेल तर तोच लाइनमनचा धोका त्यांच्या मीटरमधून. एक्स्टेंशन बोर्ड द्या, त्यावर दिवा-पंखा थेट लावा.

लाटवणकर
बोर्डच आहे काका. पण सांगितलंत ते बरं केलंत.

मधुमालती
आमचं घर लहान, विहीर सार्वजनिक, त्यामुळे पंप नाही. फक्त फ्रिज, पंखे, दिवे. मग पेट्रोलचा छोटा चालेल ना?

निवृत्त_अभियंता
चालेल. दीड-दोन केव्हीए रेटेड भरपूर. पण पेट्रोल टाकीत ठेवून विसरू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटर चिकटतो. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. घरात ३० लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ठेवायला परवाना लागतो, आणि तसंही स्वयंपाकघराजवळ थेंबभरही नको.

डिझेलवाल्यांसाठी: महिन्यातून एकदा अर्धा तास, भारासकट चालवा. नुसता रिकामा फिरवून बंद करण्याने फायदा नाही. सेल्फच्या (इंजिन सुरू करायच्या) बॅटरीला छोटा चार्जर कायम लावून ठेवा. वादळाच्या दिवशी सेट सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मेलेली बॅटरी.

पाजपंढरी
या शनिवारी गावाला जाऊन आलो. इलेक्ट्रिशियनला घेऊन कपॅसिटर बदलला आणि विहिरीपर्यंतची वायर जाड घातली. क्लॅम्प मीटरवर सुरुवातीचा करंट आधी ४७ दाखवत होता, नंतर ३८. चालू करंट ९.२. बाबा म्हणाले, टाकीही आधीपेक्षा लवकर भरते.

तेव्हा ५ केव्हीए डिझेल नक्की करतोय. दुकानदाराशी बोललो आहे की सेट घरी उतरवून आमच्याच पंपावर चालवून दाखवायचा, फ्रिज चालू असताना पंप तीनदा सुरू करायचा, मगच उरलेले पैसे. तो तयार झाला. जागा गोठ्यामागे, घरापासून तीसेक फूट, धुराडं बागेकडे.

भाट्याचा_खडप
४७ चे ३८ झाले हे वाचून मानलं. मीही आमचा कपॅसिटर बदलून बघतो, साडेसातच्या गोष्टी मागाहून.

निवृत्त_अभियंता
पाजपंढरी, उत्तम काम. पंप सुरू होताना जनरेटरवरचं व्होल्टेज कितीपर्यंत उतरतं तेही बघा. १७०-१८० पर्यंत क्षणभर जाऊन परत आलं तर ठीक. दिवे विझून पंपाचा स्टार्टर खडखडला तर सेट परत पाठवा.

वायरमन_काका
सेट यायच्या आधी चेंजओव्हर बसवून घ्या, उलट क्रमाने करू नका. सेट आला की त्याच रात्री वीज जाते आणि मग माणसं जुगाड करतात. आणि स्विचचा दांडा आईच्या हाताला स्टुलाशिवाय पोचेल एवढ्या उंचीवर लावा. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: वर लाइन, मधे बंद, खाली जनरेटर. बाबा घरी नसताना तिलाच फिरवायचा आहे. एकदा तुमच्यासमोर तिच्याकडून सगळा क्रम करून घ्या.

पाजपंढरी
हो काका. पुढच्या रविवारी स्विच लागतोय, आईला फिरवायला मीच शिकवतो. अर्थिंगचा खड्डा बाबांनी आजच खणायला घेतला आहे, मे संपायच्या आत मोजून इथे आकडा टाकतो.